व्हॉर्टेक हेडसाठी कॅम कसा निवडावा? फ्लो बेंचचे आकडे आणि कॅमचे अंश

लेक ईरी

नमस्कार. मी ओहायोमध्ये राहतो. माझ्याकडे १९७८ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप असून त्याचे ३५० घन इंचांचे स्मॉल ब्लॉक इंजिन सध्या पूर्ण उघडलेले आहे. बोअर ४ इंच (१०१.६ मिमी), स्ट्रोक ३.४८ इंच (८८.४ मिमी). ब्लॉक जुन्या पद्धतीचा, म्हणजे रोलर नसलेल्या सपाट तळाच्या टॅपेटचा (कॅमवर टेकून वरखाली होणाऱ्या भागाचा) आहे. जुने हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) काढून त्या जागी १९९६ नंतरच्या ट्रकांमधील बिडाचे व्हॉर्टेक हेड बसवायचे ठरवले आहे, आणि त्याला साजेसा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा फिरता दांडा) निवडायचा आहे. इन्टेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह १.९४ इंच, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) १.५० इंच, चेंबर ६४ सीसी, आणि पिस्टनचा हिशोब धरून स्थिर कॉम्प्रेशन (पिस्टन तळाला असताना आणि माथ्यावर असताना उरणाऱ्या जागेचे गुणोत्तर) ९.५ येते. गिअरबॉक्स टीएच३५० ऑटोमॅटिक, कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) मूळचा, मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.०८ आणि एक्झॉस्टला लांब नळ्यांचे हेडर (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी) आहेत.

हेड साफ करून घेतले तेव्हा फ्लो बेंचवर (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर) पाण्याच्या २८ इंच दाबफरकाला मोजणीही करून घेतली. मिनिटाला घनफूट, म्हणजे सीएफएममध्ये, व्हॉल्व्ह किती उचलला (लिफ्ट) त्यानुसार आलेले आकडे असे:

०.१०० इंच लिफ्ट: इन्टेक ७०, एक्झॉस्ट ४९
०.२०० इंच: १३९, १०५
०.३०० इंच: १९०, १३७
०.४०० इंच: २२७, १५१
०.५०० इंच: २३९, १६०
०.६०० इंच: २२९, १६२

मोजणी करणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे की, २३९ सीएफएमचे हेड ४९० अश्वशक्तीला पुरते, तेव्हा कॅमही त्याच तोलाचा, ०.०५० इंचावर २४० अंश ड्युरेशनचा (टॅपेट ०.०५० इंच उचलल्यापासून परत तेवढ्यावर उतरेपर्यंत क्रँक २४० अंश फिरेल असा) घ्यावा. कॅम बनवणाऱ्यांचे कॅटलॉग पाहिले तर तिथे प्रत्येक कॅमसमोर केवळ इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा पल्ला लिहिलेला असतो आणि हेडचा उल्लेखही नसतो. माझा प्रश्न असा की, वरच्या तक्त्याचा आणि कॅमच्या अंशांचा संबंध नेमका कसा लावायचा? गाडी रोजच्या वापराची आहे आणि ५५०० फेऱ्यांच्या वर मी ती क्वचितच नेईन.

तिरपा पाना

लेक ईरी, तुम्ही पूर्ण तक्ता दिलात हे फार बरे केले. बहुतेक लोक सर्वांत मोठा आकडा तेवढा सांगतात आणि त्यावर कॅम सुचवा म्हणतात.

आधी ४९० या आकड्याबद्दल. २८ इंचांवरचे सीएफएम गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरची संख्या हा फ्लो बेंच वापरणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, आणि २३९ × ०.२५७ × ८ म्हणजे सुमारे ४९१ येतात हेही खरे आहे. पण त्यात कॅम, कॉम्प्रेशन, मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या) आणि हेडर हे सगळे शर्यतीच्या तोडीचे आहे असे गृहीत धरलेले असते. याच हेडसह जनरल मोटर्सने ट्रकमध्ये दिलेले एल३१ इंजिन ४६०० फेऱ्यांना २५५ अश्वशक्ती देत होते. २५५ आणि ४९१ यांमधली तफावत केवळ कॅमचे ड्युरेशन वाढवून भरून काढता येईल असे मानणे ही पहिली गल्लत आहे.

आता तक्त्याकडे पाहू. व्हॉल्व्ह उचलला की हवेला वाट मिळते ती व्हॉल्व्हच्या कडेभोवतीच्या गोल पट्टीतून, आणि त्या पट्टीचे क्षेत्रफळ म्हणजे π × व्यास × लिफ्ट. लिफ्ट व्यासाच्या पाव भागाएवढी झाली की हे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाएवढे होते, आणि त्यापुढे अडथळा पट्टीचा राहत नाही, पोर्टचा (हेडमधल्या हवेच्या वाटेचा) होतो. १.९४ इंचांचा पाव म्हणजे ०.४८५ इंच. तुमचा तक्ता पाहा: ०.४०० पासून ०.५०० पर्यंत जेमतेम १२ सीएफएम वाढले आणि ०.६०० ला तर १० कमी झाले. म्हणजे या हेडचे काम ०.४८० च्या आसपास संपते. प्रवाहाच्या दृष्टीने कॅमची लिफ्ट ठरवण्यासाठी आणखी काही पाहावे लागत नाही.

ड्युरेशन आणि ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तेवढे अंश) ठरवताना मात्र वरच्या ओळीच महत्त्वाच्या ठरतात. उदाहरणासाठी कॉम्प कॅम्स या कंपनीचा एक्सई२६८एच घेऊ, कारण त्याचे आकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत: जाहिरातीतील ड्युरेशन (०.०५० पेक्षा कमी उचलीपासून मोजलेले) इन्टेक/एक्झॉस्ट २६८/२८०, ०.०५० वर २२४/२३०, लिफ्ट ०.४७७/०.४८०, लोब सेपरेशन (इन्टेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, माथ्यांमधले कॅमचे अंश) ११० आणि इन्टेक सेंटरलाइन (पिस्टन वरच्या मृतबिंदूवर, म्हणजे माथ्यावर, आल्यानंतर किती क्रँक-अंशांनी इन्टेक लोबचा माथा येतो) १०६. ०.०५० च्या हिशोबाने इन्टेक लोब वरच्या मृतबिंदूच्या ६ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट लोब १ अंश नंतर मिटतो. याचा अर्थ पिस्टन अगदी माथ्यावर असताना दोन्ही टॅपेट साधारण ०.०५० ते ०.०६० इंच उचललेले असतात. १.५ च्या रॉकरमुळे (टॅपेटची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीमुळे) व्हॉल्व्हपाशी हे इन्टेकला ०.०९ आणि एक्झॉस्टला ०.०८ इंचाच्या आसपास होते. म्हणजे ओव्हरलॅपच्या ऐन मध्यावर तुमचे हेड तक्त्याच्या पहिल्या ओळीवर काम करत असते, जिथे आकडे ७० आणि ४९ आहेत. २३९ हा आकडा तिथे कुठेच नसतो. हेडरमधून आलेली ओढ चेंबरमधला उरलेला धूर बाहेर नेते आणि इन्टेकची हवा आत खेचू लागते, ती या ७० सीएफएमच्या फटीतून.

यावरून कॅमविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कमी लिफ्टला चांगले वाहणाऱ्या हेडला ओव्हरलॅप आणि ड्युरेशन दोन्ही कमी लागतात, कारण तेवढेच काम ते कमी अंशांत उरकते. कारागीर सांगतात त्याच्या नेमके उलट: हेड चांगले आहे म्हणून कॅम लहान घ्यायचा असतो. मोठा कॅम हा पुष्कळदा वाईट हेडची भरपाई असतो.

घाटमाथा

तिरपा पाना यांचे विवेचन पटले, पण लिफ्टच्या मुद्द्यावर शंका आहे. सर्वोच्च लिफ्टला व्हॉल्व्ह एकदाच पोहोचतो, तर त्याखालच्या प्रत्येक लिफ्टवरून तो दोनदा जातो, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना. तेव्हा ०.५५० लिफ्टचा कॅम घेतला तर व्हॉल्व्ह ०.४०० ते ०.५०० या उत्तम पट्ट्यात जास्त वेळ राहील. मग हेड ०.४८५ ला थांबते म्हणून कॅमही तिथेच थांबवायचा, हे कसे?

तिरपा पाना

घाटमाथा, तत्त्व म्हणून तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि शर्यतीच्या इंजिनांत रोलर कॅमसह ते करतातही. इथे तीन अडचणी आहेत. सपाट टॅपेटला लोबची उतरण ठरावीक मर्यादेपलीकडे तीव्र करता येत नाही, कारण टॅपेटच्या तळाचा व्यासच ती मर्यादा घालून देतो, त्यामुळे लिफ्ट वाढवायची म्हटले की ड्युरेशन आपोआप वाढते. दुसरे म्हणजे ०.६०० कडे जाताना या पोर्टमधला प्रवाह घटतो, म्हणजे माथ्यावरचा वेळ फायद्याचा राहत नाही. तिसरी अडचण निव्वळ लोखंडाची आहे: व्हॉर्टेक हेडमध्ये व्हॉल्व्ह गाइडचा माथा उंच असल्याने स्प्रिंगची टोपी त्यावर आपटण्याचा धोका असतो, आणि मूळच्या अवस्थेत ०.४५० च्या वर जाण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी मोजमाप घ्यावेच लागते. गाइड घासून खाली आणता येतो, पण रोजच्या पिकअपमध्ये त्या खटाटोपातून पदरात फारसे पडत नाही. १.६ चे रॉकर बसवावे असा सल्ला कोणी दिला तर हे लक्षात ठेवा, कारण त्याने ०.४७७ चे ०.५०९ होतात.

चिंचवडकर

मी इंजिनांच्या चाचणीचे काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने हिशोब मांडतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक चार्ल्स फेएट टेलर यांनी इन्टेकसाठी एक निर्देशांक मांडला. बोअर आणि व्हॉल्व्ह यांच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा, त्याला पिस्टनच्या सरासरी वेगाने गुणायचे आणि येणाऱ्या संख्येला व्हॉल्व्हचा सरासरी प्रवाह गुणांक गुणिले ध्वनीचा वेग यांनी भागायचे. हा निर्देशांक ०.६ च्या पुढे गेला की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने घसरते.

प्रवाह गुणांक तुमच्या तक्त्यातूनच काढता येतो. २८ इंच दाबफरकाला हवेचा आदर्श वेग सेकंदाला सुमारे १०८ मीटर येतो, आणि १.९४ इंचांच्या पूर्ण तोंडातून त्या वेगाने गेली तर सुमारे ४३५ सीएफएम हवा जाईल. त्या तुलनेत तुमचे हेड ०.१०० ला ०.१६, ०.३०० ला ०.४४ आणि ०.५०० ला ०.५५ एवढा गुणांक दाखवते. व्हॉल्व्ह उघडून मिटेपर्यंतची सरासरी काढली तर ०.४८० च्या आसपास लिफ्ट असलेल्या कॅमसाठी ती साधारण ०.३५ धरायला हरकत नाही.

बोअर भागिले व्हॉल्व्हचा वर्ग ४.२५ येतो. ५५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.२ मीटर असतो, त्यावरून निर्देशांक ०.५७ निघतो. ६००० फेऱ्यांना तो ०.६२ होतो. म्हणजे हे हेड या इंजिनाला ५५०० ते ५८०० च्या दरम्यान श्वास अपुरा पडत असल्याचे सांगते. इन्टेक उशिरा मिटवला तर ही मर्यादा थोडी वर सरकते, कारण हवेच्या जोराचा फायदा घेता येतो, पण त्याची किंमत खालच्या फेऱ्यांत मोजावी लागते. ०.०५० वर २४० अंश असलेल्या एक्सई२८४एच कॅमचा पल्ला कॅटलॉगमध्ये २३०० ते ६५०० असा दिला आहे. त्यातला वरचा भाग तुमच्या हेडच्या आवाक्यात नाही आणि खालचा भाग तुमच्या कन्व्हर्टरच्या. मग त्या कॅमचे तुमच्याकडे काय काम?

लेक ईरी

चिंचवडकर, मला हवे होते ते नेमके हेच. म्हणजे लिफ्ट तक्त्याच्या शेपटीवरून, ओव्हरलॅप पहिल्या ओळीवरून आणि फेऱ्यांची मर्यादा सरासरीवरून. इन्टेक केव्हा मिटावा हे मात्र अजून स्पष्ट झालेले नाही. ऑटोमॅटिक आणि ३.०८ एक्सल असल्याने खालच्या फेऱ्यांतला जोर मला सोडायचा नाही.

तिरपा पाना

एका कॅमच्या चार घटनांपैकी (दोन्ही व्हॉल्व्हचे उघडणे आणि मिटणे) इंजिनाचा स्वभाव सर्वांत जास्त ठरवते ती इन्टेक मिटण्याची घटना. पिस्टन तळाहून वर निघाला तरी इन्टेक उघडा असतो, आणि कमी फेऱ्यांना तेवढी हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. खरे कॉम्प्रेशन सुरू होते ते व्हॉल्व्ह मिटल्यावर. ५.७ इंचांची कनेक्टिंग रॉड आणि तुमचे ९.५ स्थिर कॉम्प्रेशन धरून तीन कॅमचा हिशोब केला, तिन्हींची सेंटरलाइन १०६ आणि सेपरेशन ११० आहे.

एक्सई२६२एच (०.०५० वर २१८/२२४) तळाच्या मृतबिंदूनंतर ५७ अंशांवर मिटतो, प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ८.० राहते आणि ओव्हरलॅप ४६ अंश आहे. एक्सई२६८एच ६० अंशांवर मिटतो, कॉम्प्रेशन ७.९ आणि ओव्हरलॅप ५४. एक्सई२८४एच ६८ अंशांवर मिटतो, कॉम्प्रेशन ७.४ पर्यंत खाली येते आणि ओव्हरलॅप ७० होतो.

पहिल्या दोघांत कॉम्प्रेशनचा फरक नगण्य आहे, ओव्हरलॅपचा मात्र ८ अंशांचा आहे. तिसरा कॅम बसवायचा तर हरवलेले कॉम्प्रेशन परत मिळवण्यासाठी पिस्टन बदलावे लागतील, कन्व्हर्टर बदलावा लागेल, एक्सल बदलावा लागेल, आणि एवढे सगळे करूनही चिंचवडकरांनी दाखवलेली हेडची मर्यादा जागच्या जागीच राहील. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात तसे इथे अंथरूण हेडचे आहे.

घाटमाथा

लोब सेपरेशनबद्दलही कोणी लिहावे. कॅटलॉगमधले जवळजवळ सगळे कॅम ११० चेच का असतात? आणि हेडच्या आकड्यांवरून सेपरेशन काढता येते का?

तिरपा पाना

काढता येते. डेव्हिड व्हिझार्ड यांचे एक सूत्र या इंजिनांसाठी प्रसिद्ध आहे: एका सिलिंडरचे घन इंच भागिले इन्टेक व्हॉल्व्हचा व्यास, त्याला ०.९१ ने गुणायचे आणि उत्तर १२८ मधून वजा करायचे. ते १०.५ च्या आसपासच्या कॉम्प्रेशनचे, समांतर व्हॉल्व्हचे स्मॉल ब्लॉक डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले आहे, तेव्हा चार व्हॉल्व्हच्या इंजिनांना ते जसेच्या तसे लावू नये. तुमच्या ३५० साठी एका सिलिंडरचे ४३.७५ घन इंच होतात. त्यांना १.९४ ने भागले की २२.५५, त्याचे ०.९१ पट २०.५, आणि सेपरेशन १०७.५ अंश. हाच ब्लॉक लांब स्ट्रोकच्या क्रँकने ३८३ केला आणि हेड तेच ठेवले तर उत्तर १०५.५ येते.

यातली दिशा समजून घेण्यासारखी आहे. व्हॉल्व्हच्या तुलनेत सिलिंडर मोठा झाला की तो भरायला हेडरच्या ओढीची मदत जास्त लागते, म्हणून सेपरेशन आवळावे लागते. सिलिंडर तेवढाच ठेवून व्हॉल्व्ह मोठा केला, किंवा कमी लिफ्टचा प्रवाह सुधारला, तर सेपरेशन सैल करता येते. ११० हा आकडा कॅटलॉगमध्ये सर्वत्र दिसतो कारण गाडीत ब्रेकचा बूस्टर चालण्याइतका व्हॅक्यूम राहावा, आयडल शांत असावे आणि एकच कॅम शंभर तऱ्हेच्या इंजिनांत खपावा, अशी विक्रेत्याची स्वाभाविक अपेक्षा असते. १०८ वर घासून घेतलेला कॅम तुम्हाला मधल्या फेऱ्यांत अधिक टॉर्क देईल असे माझे मत आहे, पण ४६ अंश ओव्हरलॅपच्या कॅममध्ये ११० आणि १०८ यांतल्या फरकासाठी खास ऑर्डर द्यावी की नाही, हा खर्चाचा प्रश्न आहे.

शिरोलीचा साचा

मी कोल्हापूरजवळ शिरोलीला ओतकामात आहे, ट्रॅक्टर आणि ट्रकच्या हेडचे साचे रोज हाताखालून जातात. या चर्चेत पोर्टचा आकार थोडा बाजूला पडला आहे, म्हणून लिहितो.

०.६०० ला प्रवाह २२९ वर घसरतो याचे कारण पोर्टच्या तळाशी, व्हॉल्व्ह सीटच्या अगदी आधी असलेल्या आखूड वळणात आहे. हवेचा वेग वाढला की ती या वळणाला धरून राहत नाही, सुटते, आणि व्हॉल्व्हच्या त्या बाजूचा भाग निकामी होतो. म्हणून अनेकजण तळ घासून पोर्ट मोठे करतात, आणि तिथेच चूक करतात, कारण तळ खाली गेला की वळण आणखी तीव्र होते. व्हॉर्टेकचे इन्टेक पोर्ट सुमारे १७० सीसीचे आहे. या छेदात हवेचा वेग चांगला राहतो, आणि तो वेगच इन्टेक मिटण्याच्या क्षणी, पिस्टन वर येत असतानाही, सिलिंडर भरत राहतो. पोर्ट मोठे केले की बेंचवर आकडा वाढेल, पण वेग उतरेल, आणि मग उशिरा मिटणारा कॅम कमी फेऱ्यांना अधिकच हवा मागे ढकलेल.

काही करायचेच असेल तर सीटच्या लगेच खाली, गळ्याजवळ, मशिनिंगची कड आणि ओतीव पृष्ठभाग जिथे मिळतात ती पायरी हलक्या हाताने सारखी करावी आणि सीटला तीन कोनांचे कटिंग घ्यावे. त्याने ०.१०० ते ०.३०० या ओळी सुधारतात, आणि तिरपा पाना यांनी दाखवले तसे कॅम निवडताना या ओळींचे वजन जास्त आहे. पोर्ट आरशासारखे चकचकीत करण्याला काही अर्थ नाही.

आणखी एक सूचना. वाळूच्या साच्यात ओतताना कोअर (पोर्टची पोकळी घडवणारा गाभा) थोडा इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे एकाच हेडमधली चार पोर्टसुद्धा तंतोतंत सारखी नसतात. बेंचवर एकच पोर्ट मोजले असेल तर तो आकडा आठही सिलिंडरांचा मानू नये. निदान प्रत्येक हेडचे एक टोकाचे आणि एक मधले पोर्ट मोजून घ्यावे.

लेक ईरी

शिरोलीचा साचा, आभारी आहे. माझ्याकडे खरोखरच एकाच पोर्टचे आकडे आहेत, दुसऱ्या हेडचे मोजून घेतो. एक्झॉस्टच्या बाजूबद्दल विचारायचे राहिले. वरच्या सगळ्या कॅममध्ये एक्झॉस्टचे ड्युरेशन इन्टेकपेक्षा ६ अंशांनी जास्त आहे. माझ्या हेडला तेवढे लागते का?

चिंचवडकर

एक्झॉस्ट आणि इन्टेक यांच्या प्रवाहाचे गुणोत्तर ओळीओळीने काढा. ०.२०० ला ते ७५ टक्के आहे, ०.३०० ला ७२, ०.४०० ला ६७. सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांच्या वर असलेल्या आणि चांगले हेडर लावलेल्या इंजिनांना दोन्ही लोब सारखे चालतात, खाली असेल तर एक्झॉस्टला काही अंश जास्त द्यावे लागतात. तुमचे हेड सीमेवर आहे आणि हेडर लांब नळ्यांचे आहेत, म्हणून ६ अंश पुरेसे आहेत. त्याहून जास्त देऊ नये. एक्झॉस्ट लवकर उघडला की जळत्या वायूंचा दाब पिस्टनवर काम करायच्या आतच बाहेर निघून जातो आणि उशिरा मिटला की ओव्हरलॅप वाढतो, तेव्हा प्रत्येक जादा अंशाची किंमत दोन्ही टोकांना पडते. मूळचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असते तर ओव्हरलॅपबाबत मी आणखी कंजूष राहिलो असतो, कारण आखूड वाटेने शेजारच्या सिलिंडरचा धूर परत येतो.

फेऱ्यांचा काटा

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा संघ फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या) स्पर्धेसाठी केटीएम ३९० मोटारसायकलचे इंजिन वापरतो. नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधून (हवेची वाट अरुंद करणाऱ्या नळीतून) घ्यावी लागते. वर दिलेला हिशोब इथे कसा लावायचा? हेड कितीही चांगले असले तरी रिस्ट्रिक्टर अडवणारच, मग मूळचा कॅम बदलण्यात अर्थ आहे का?

चिंचवडकर

तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण मुळाशी तोच आहे. २० मिमीच्या छेदातून ध्वनीच्या वेगाने जास्तीत जास्त हवा जाते ती सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम. ३७३ सीसीचे तुमचे इंजिन ९००० फेऱ्यांना पूर्ण भरले तरी त्याला सेकंदाला सुमारे ३३ ग्रॅमच लागतात. म्हणजे सरासरीच्या हिशोबाने रिस्ट्रिक्टर तुम्हाला अडवतच नाही. मेख अशी आहे की सिलिंडर एकच आहे आणि तो ७२० अंशांतून साधारण २४० अंशच हवा ओढतो. त्या तिसऱ्या हिश्श्यात ओढ तिप्पट होते, जवळजवळ १०० ग्रॅम, आणि तेवढ्या क्षणापुरता रिस्ट्रिक्टर तुंबतो. उपाय कॅममध्ये नाही, प्लेनममध्ये (रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांमधल्या हवेच्या टाकीत) आहे. पुरेशा आकारमानाचा प्लेनम ठेवलात तर रिस्ट्रिक्टर सतत सारखा वाहत राहतो आणि इंजिन साठ्यातून ओढते.

कॅमबद्दल सांगायचे तर ८९ × ६० मिमीच्या या आखूड स्ट्रोकच्या, चार व्हॉल्व्हच्या इंजिनात सिलिंडरच्या मानाने व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ भरपूर आहे. व्हिझार्ड यांचे सूत्र इथे लागू नाही, पण त्याची दिशा लागू आहे: व्हॉल्व्ह सढळ असतील तर ओव्हरलॅप कमी पुरतो. शिवाय प्लेनममध्ये दाब वातावरणापेक्षा थोडा खाली असतो, त्यामुळे जास्त ओव्हरलॅपने धूर मागे प्लेनमकडे शिरतो. या इंजिनात इन्टेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे आहेत, म्हणून नवा कॅम न घासता केवळ स्प्रॉकेट सरकवून सेपरेशन बदलता येते. आधी ओव्हरलॅप काही अंशांनी कमी करून डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा, मग इन्टेक मिटण्याची वेळ हलवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हलवू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

लेक ईरी

सर्व चर्चेवरून मी एक्सई२६२एच नक्की केला आहे. त्याची लिफ्ट ०.४६२/०.४६९ असल्याने हेडच्या ०.४८५ च्या आत बसते, पल्ला १३०० ते ५६०० म्हणजे चिंचवडकरांच्या हिशोबाशी जुळतो, आणि कन्व्हर्टर व एक्सल बदलावे लागत नाहीत. हेडवर गळ्याजवळचे काम आणि तीन कोनांचे सीट कटिंग करून घेईन, मग आठही पोर्ट पुन्हा बेंचवर जातील. टोपी आणि गाइडमधले अंतरही तेव्हाच मोजून घेईन. आता शेवटचा प्रश्न: कॅम बसवल्यावर तो खरोखर १०६ वर बसला आहे याची खात्री कशी करावी?

तिरपा पाना

निवड योग्य आहे. हेड बसवण्याआधी, पहिल्या सिलिंडरवरच ही तपासणी करा. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावा. वरचा मृतबिंदू नजरेने धरू नका, कारण माथ्यावर पिस्टन कितीतरी अंश जागचा हललेला दिसत नाही. बोअरवर आडवी पट्टी बोल्टने बसवून पिस्टनला माथ्याच्या थोडे आधी अडवा, क्रँक दोन्ही दिशांनी फिरवून दोन्ही अडकण्याचे अंश नोंदवा, आणि त्यांच्या बरोबर मध्याला चकतीचा शून्य आणा. मग इन्टेक टॅपेटवर डायल गेज उभे धरा. गेजचा दांडा टॅपेटच्या रेषेतच हवा, तिरका असेल तर लिफ्ट चुकीची दिसेल.

क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवत टॅपेट ०.०५० इंच उचलला जाईल तो अंश नोंदवा, आणि परत ०.०५० वर उतरेल तो अंश नोंदवा. सेंटरलाइन १०६ असेल तर पहिला आकडा वरच्या मृतबिंदूच्या ३ अंश आधी आणि दुसरा तळाच्या मृतबिंदूनंतर ३५ अंश यायला हवा. ३ अधिक १८० अधिक ३५ म्हणजे २१८, एवढी बेरीज जुळली की लोब ठरल्याप्रमाणे घासलेला आहे. क्रँक पुढे नेताना काटा चुकून निघून गेला तर तेवढाच मागे आणू नका. पाव फेरी मागे नेऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनची ढिलाई हिशोबात शिरणार नाही.

दोन्ही आकडे एकाच दिशेने सरकलेले दिसले, समजा आधी ७ आणि नंतर ३१, तर लोब बरोबर आहे पण कॅम ४ अंश पुढे बसला आहे. क्रँकच्या स्प्रॉकेटला अनेक खाचा असलेला टायमिंग सेट घेतलात तर खाच बदलून तो जागेवर आणता येईल. एखाद्या अंशाचा फरक असेल तर तसाच राहू द्या. सपाट टॅपेट असल्याने लोबना आणि टॅपेटच्या तळांना सोबत दिलेले वंगण लावा, झिंक-फॉस्फरस भरपूर असलेले तेल भरा, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर न ठेवता वीस मिनिटे २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान, मधूनमधून वेग बदलत चालवा. लोब वंगणासाठी क्रँकच्या शिंतोड्यांवर अवलंबून असतात आणि आयडलला ते पुरेसे उडत नाहीत.